मधली कोरी पानं

"म्हणजे पेट्रोलचा पंप नाही, असंच तुमचं म्हणणं ना?"

खानविलकर सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर मिस्त्री गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात ना पाना, ना फडकं. नुसते बसले होते. शेजारच्या दगडावर चहाचा ग्लास निवत होता.

"मिस्त्री, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की."

"मग बोला ना काहीतरी."

"तुमचं नाही, सर. गाडीचं ऐकतोय."

"गाडी बंद आहे!"

"हां... म्हणून तर ऐकू येतंय."

मागच्या सीटवर बसलेल्या प्रमिलाबाई हसल्या. हसताना त्यांना धाप लागली आणि हसू अर्ध्यातच विरलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. पावणेआठ.

बारा वाजता कोल्हापूरच्या दवाखान्यात मशीन प्रमिलाबाईंसाठी मोकळं होणार होतं. रक्त धुऊन देणारं मशीन. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मे महिन्यापासून. गेल्या शुक्रवारी गाडी घाटात बंद पडली आणि दोघांना अर्ध्या वाटेवरून माघारी यावं लागलं. आज मंगळवार. सात दिवस रक्त धुतलं गेलं नव्हतं. बाईंची पावलं इतकी सुजली होती की चपला घालता येईनात. दार उघडं टाकून त्यांनी पाय बाहेर सोडले होते, अनवाणी.

डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले होते, "मंगळवार चुकवू नका." चुकला तर काय, हे सरांनी विचारलं होतं. डॉक्टरांनी तेच वाक्य परत म्हटलं होतं.

गावातल्या दोन्ही भाड्याच्या गाड्या लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेल्या. एस.टी. पकडली तर ती दोनच्या आत पोचवत नाही. उरली ही बावीस वर्षांची पांढरी गाडी. ती आज घाटापर्यंतही आली नाही. मिस्त्रींच्या गॅरेजसमोरच्या पहिल्या चढाला तिने मान टाकली, तेव्हा उतारावरून सोडून देत सरांनी ती कशीबशी आत घेतली.

एरवी ते इथे आले नसते.

घाटाच्या तोंडाशी, फणसाच्या झाडाखाली दस्तगीर मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज होतं. मिस्त्री सत्तरीचे. हाताला यश आहे, असं लोक म्हणत. पण त्यांची आणखी एक गोष्ट सगळ्या मुलखाला ठाऊक होती. हा माणूस एकोणीस वर्षांत तिसऱ्या वळणाच्या वर गेला नव्हता. दुरुस्त केलेली गाडी घाटात नेऊन बघायची झाली तर ते मालकाला स्टिअरिंगवर बसवत आणि तिसऱ्या वळणावर उतरून चालत खाली येत. कुणी कारण विचारलं तर आडपडदा नाही. "भीती वाटते," म्हणत आणि हातातलं काम पुढे करत.

ज्याला घाटाचीच भीती, त्याला घाटातल्या गाडीचं दुखणं काय कळणार? म्हणून सर चार महिने या पत्र्यासमोरून सरळ पुढे गेले होते. तीन मोठी गॅरेजं झाली. एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने टाकी धुतली, तिसऱ्याने हात जोडले.

"वही आणलीय?" मिस्त्रींनी अचानक विचारलं.

सर चपापले. "कसली वही?"

"तुमच्या वहीबद्दल घाटातल्या सगळ्या ड्रायव्हरांना माहीत आहे. गाडी बंद पडली की लोक आधी खाली उतरतात. तुम्ही आधी पेन काढता म्हणे."

"कुणी सांगितलं ते बरोबरच आहे," बाई म्हणाल्या. "मला चक्कर आली तरी आधी वेळ लिहितात. मग पाणी."

सरांनी वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हराची. एकतीस वर्षं त्यांनी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काढली होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, काचेच्या नळ्या धुवायच्या, शिक्षकांना प्रयोग मांडून द्यायचे. पदवी नव्हती, पण गावाने त्यांना सरच केलं होतं. मोटारीचं कामही ते असेच पुस्तक समोर ठेवून शिकले. शिकलेलं लिहून ठेवायचं आणि लिहिलं नाही ते घडलंच नाही असं समजायचं, ही त्यांची शिस्त.

"दोन आजार आहेत," सर म्हणाले. आवाजात वर्गाची धार आली. "पहिला, इंजिन चालता चालता बंद पडतं. ते वहीच्या पुढच्या बाजूने लिहिलंय, लाल शाईत. दुसरा, डाव्या चाकात खट् असा आवाज येतो. तो मागच्या बाजूने, निळ्या शाईत. तारीख, ठिकाण, हवामान, गाडीचे किलोमीटर, सगळं आहे. इंजिनाचं मला कळलंय, पंप आहे. चाकाचं नंतर बघू, त्याने काही अडत नाही."

"वाचा."

"कुठून?"

"दोन्हीकडून."

"दोन्हीकडून एकदम कसं वाचणार?"

"मी लाल विचारतो. तुम्ही निळं सांगा."

सरांना हा पोरखेळ वाटला. पण घड्याळात आठ वाजत आले होते, आणि दुसरं दार नव्हतं.

"लाल. पहिलं कधी?"

"अकरा जुलै."

ही तारीख त्यांना वही न उघडताही येत होती. म्हसोबाचं वळण. धो धो पाऊस. इंजिन बंद पडलं आणि ब्रेक लागेपर्यंत गाडी मागे सरकली. कठड्याला टेकली तेव्हा थांबली. कठड्याचा एक दगड निसटून दरीत गेला. सरांनी कान दिला... दगड पडल्याचा आवाज आलाच नाही. तेव्हापासून रोज रात्री उशीला डोकं टेकलं की सर त्या आवाजाची वाट पाहत. तो अजून आला नव्हता.

"त्याचं कारण सापडलं?"

"सापडलं. पावसाचं पाणी आत गेलं होतं. पहिल्या गॅरेजने पुसून, वाळवून दिलं, प्लग बदलले. नंतर सहा आठवडे बंद पडली नाही."

"मग ते सोडा. त्याच्या पुढचं लाल?"

"सव्वीस ऑगस्ट."

"निळ्यात सव्वीस ऑगस्ट आहे?"

सरांनी वही उलटली. बोट फिरवलं. "...आहे."

"पुढचं?"

"पाच सप्टेंबर."

"निळ्यात?"

"आहे."

"सोळा सप्टेंबर," आता सर स्वतःच वही उलटीपालटी करू लागले. आहे. सव्वीस सप्टेंबर. आहे. सात ऑक्टोबर. आहे. एकतीस ऑक्टोबर, गेला शुक्रवार. तोही होता. प्रत्येक लाल तारखेला मागच्या बाजूला निळी तारीख होती. चार महिने ते एकाच दिवशी, एकाच टेबलावर दोन पेनांनी हे लिहीत होते, आणि वही मध्ये आडवी येत होती.



"म्हणजे चाक आपटतं आणि इंजिन बंद पडतं? एकच आजार?"

मिस्त्रींनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

"निळं सुरू कधीपासून आहे?"

"जूनपासून."

"जूनमध्ये चाक आपटत होतं. तेव्हा इंजिन बंद पडत होतं?"

"...नाही."

"जुलैचा तो पावसाचा दिवस सोडला तर ऑगस्टपर्यंत नाही."

"नाही."

"चाक तेच. खड्डे तेच. मग मध्ये काय आलं?"

"मध्ये?" सर घाईने म्हणाले. "मध्ये काही नाही."

मिस्त्रींनी वही हातात घेतली. एका बाजूला लाल पानं, दुसऱ्या बाजूला निळी. त्यांनी अंगठ्याने मधला गठ्ठा उघडला.

"हे काय आहे?"

"कोरी पानं आहेत ती. तिथे काही लिहिलेलं नाही."

"हां... मग तिथंच असेल."

फणसाचं एक पान टपावर पडलं. सर दचकले.

मिस्त्री उठले. गॅरेजसमोरच्या चढावर पावसाळ्याने उकरलेला खड्डा होता, परातीएवढा. मिस्त्रींनी एक मोठा दगड उचलून काखेत धरला.

"गाडी चालू करा. डावं चाक त्या खड्ड्यात घाला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"मिस्त्री, मी खड्डे चुकवतो. या रस्त्यावरचे सगळे खड्डे मला पाठ आहेत."

"म्हणून तर इतके दिवस लागले." मिस्त्री वळले. "वहिनी, तुम्ही उतरा."

"मी नाही उतरत," बाई म्हणाल्या. "बंद पडायचीच तर माझ्यासमोर पडू दे. सारखी माझ्यामुळेच पडते असं वाटायला लागलंय मला."

"असं काय बोलतेस!" सर ओरडले. गरजेपेक्षा मोठ्याने.

गाडी लगेच चालू झाली. इंजिन शहाण्यासारखं चालत होतं. सरांनी पहिला गिअर टाकला आणि खड्डा जवळ येऊ दिला. चुकवायची सवय झालेले हात आपोआप उजवीकडे वळू बघत होते. त्यांनी ते दाबून धरले. मिस्त्री मागच्या चाकाला लागून चालत होते, काखेत दगड घेऊन.

खट्.

इंजिन गेलं. दिवे गेले. गाडी क्षणभर थांबली आणि मागे सरकू लागली.

सरांचा पाय ब्रेकवर होता. तरी ते म्हसोबाच्या वळणावर होते. पाऊस होता. दगड सुटला होता. तो खाली चालला होता आणि त्याचा आवाज...

मिस्त्रींनी मागे टाकलेल्या दगडाला चाक टेकलं. गाडी थांबली. वीतभरच सरकली होती.

"अहो," बाई म्हणाल्या, "थांबलीय. हात सोडा आता."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते. ते सोडवायला थोडा वेळ गेला.

पण मिस्त्री बॉनेटकडे निघालेले दिसताच सर उडी मारल्यासारखे उतरले आणि पुढे येऊन उभे राहिले.

"थांबा. बॉनेट मी उघडतो."

"मी उघडतो की."

"नाही... माझी सवय आहे. तुम्ही जरा टॉर्च घेऊन या."

मिस्त्री जागचे हलले नाहीत. ते सरांकडे बघत राहिले, जसे मघाशी बंद गाडीकडे बघत होते तसे.

"तिन्ही गॅरेजात बॉनेट तुम्हीच उघडलंत?"

सरांनी तळहाताने बॉनेट दाबून धरलं.

"गॅरेजला जाताना घरून निघायच्या आधीच एकदा उघडून बघत असाल."

"...पाणी, तेल बघावं लागतं."

"आज वेळ मिळाला नाही. आज ती आपणहून इथं थांबली."

मिस्त्री बॉनेटच्या फटीशी वाकले. त्यांनी हात लावला नाही. नाक जवळ नेलं आणि एक लांब श्वास घेतला.

मागून बाईंचा आवाज आला. बारीक, घाबरलेला.

"मिस्त्री... तुम्हाला पण येतो का?"

"काय, वहिनी?"

"वास. लोणच्यासारखा. गाडी तापली की येतो."

सरांनी डोळे मिटले.

"मी यांना किती दिवस सांगतेय. हे म्हणतात, गाडीत कुठून येणार लोणचं? तुझ्या आजाराने नाकातोंडाचं सगळं बदललंय, असं होतंच या आजारात. मी म्हटलं, यांना कळतं, हे वाचतात." त्या थांबल्या. धाप आवरली. "मग मी बोलायचं सोडलं. पण येतो तो. महिन्याभरात वाढलाय. वास वाढला म्हणजे आपलं संपत आलं, असं मी धरून चालले होते."

रस्त्यावरून एक टेम्पो घाटाकडे गेला. त्याचा आवाज पहिल्या वळणामागे गेला.

"आजाराला लिंबाचा वास येत नाही, वहिनी," मिस्त्री म्हणाले. मग ते बाजूला झाले. "उघडा, सर."

सरांनी बॉनेट उघडलं.

बॅटरीच्या खाली, डाव्या दिव्याच्या मागे, सहज नजर जाणार नाही अशा जागी एक नट होता. गाडीतल्या वायरींचं अर्थिंग त्या नटावर येतं. त्या नटाला काळ्या दोऱ्याने लिंबू-मिरची बांधली होती. एक नाही. एकाखाली एक अशी तीन लिंबं, आणि मिरच्यांचा झुबका. इंजिनाच्या उष्णतेने लिंबं फुटून रस खाली ओघळला होता. नट पांढरा-हिरवा झाला होता. वायरीचं टोक चिमटीत धरलं तर चुरा व्हावा असं.

बाई सीटवरून उठून हळूहळू पुढे आल्या. दाराचा, मग पत्र्याचा आधार घेत. त्यांनी वाकून पाहिलं.

सर खाली मान घालून उभे होते. विज्ञान दिनाला ट्रकच्या बंपरवरची लिंबू-मिरची पोरांना दाखवून हसायला लावणारे खानविलकर सर. गावजत्रेत करणीबाधेविरुद्ध पथनाट्य बसवणारे खानविलकर सर.

"कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं.

"बारा जुलै. शनिवार." सर पुटपुटले. "शेजारच्या गावातून आणलं. इथे सगळे ओळखतात. पुढे बांधलं असतं तर दिसलं असतं. इथे दोरा अडकवायला हाच एक नट होता. दर शनिवारी नवं. गॅरेजला न्यायची असली की आधी काढून ठेवायचो, नट पुसून घ्यायचो, परत आणली की बांधायचो."

"एकाची तीन कधी झाली?"

"सहा आठवडे बंद पडली नाही, तेव्हा मला वाटलं... मग ऑगस्टमध्ये परत पडली. तेव्हा दोन केली. ऑक्टोबरात तीन."

"वहीत लिहिलं नाहीत."

"...नाही."

मिस्त्रींनी एक लिंबू बोटाने जरा हलवलं. वळचणीचं पाणी पडावं तसा एक थेंब नटावर पडला.

"मी अडाणी माणूस. तुम्ही शाळेतले. लिंबाच्या रसानं धातूचं काय होतं, सर?"

सरांनी वर पाहिलं. टोमणा असेल असं त्यांना वाटलं होतं. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर तो नव्हता.

दरवर्षी आठवीच्या वर्गासाठी लिंबाची बॅटरी तेच मांडून देत. लिंबात एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची. मीटरचा काटा हलला की मुलं ओरडायची. तास संपला की पट्ट्या धुऊन ठेवायचं कामही त्यांचंच. एकतीस वर्षं धुतल्या. दरवर्षी जस्ताची पट्टी जरा पातळ झालेली असायची.

"खातं," सर म्हणाले. "लिंबातलं आम्ल धातूला खातं."

त्यांनी बोट नटाकडे नेलं.

"नट खाल्ला गेला. वायर सैल झाली. चाकाचा धक्का बसला की ती सुटते आणि इंजिनाचा करंट जातो." सर एकेक शब्द फळ्यावर लिहिल्यासारखे बोलत होते. "भीती वाटली म्हणून मी बांधलं... बांधलं म्हणून बंद पडली... बंद पडली म्हणून आणखी बांधलं."



प्रमिलाबाई अजून वाकून बघत होत्या.

"म्हणजे मला येत होता तो वास खरा होता?"

"हो."

"माझं नाक चांगलं आहे?"

"चांगलं आहे."

बाईंनी पत्र्यावरचा हात काढला नाही. सरांना वाटलं, आता ही रडेल. किंवा बोलेल. काहीही बोलेल आणि ते ऐकून घ्यावं लागेल. त्यांची तयारी होती.

"एका लिंबाला सात मिरच्या लागतात," बाई म्हणाल्या. "बरोबर मोजून घेत होतात ना?"

"...मोजून."

"वाटलंच मला." मग त्यांनी तोंड फिरवलं आणि फणसाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "एवढे दिवस मला एकटीला भ्यायला लावलंत हो."

 

मिस्त्रींनी पॉलिश पेपरचा तुकडा, पाना आणि वायरीचं नवं टोक आणून सरांच्या हातात दिलं. स्वतः मागे सरले.

"तुम्ही घासा."

"मी?"

"तुमच्या हाताला जागा माहीत आहे."

सरांनी दोरा सोडवला आणि लिंबांची माळ फणसाखाली ठेवली. बॅटरीची वायर सोडवली. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून मागितला, तो नटावर ओतला. फेस आला, फसफसला, विरला. ते त्यांना शिकवावं लागलं नाही. मग घासत बसले. हिरवं गेलं, पांढरं गेलं. बऱ्याच वेळाने खालून नखाएवढं चकचकीत लोखंड वर आलं. 

नवं टोक बसलं. नट आवळला, बॅटरीची वायर परत लावली. मिस्त्रींनी पान्याला एकच झटका दिला, मान डोलावली आणि बॉनेट लावलं.

"चाकाचं रबरी बुश गेलंय. धक्का खायचं काम त्याचं असतं, ते आता काही खात नाही. शुक्रवारी बदलू. आज हळू जा. घाला खड्ड्यात."

पुन्हा चढ, पुन्हा तोच खड्डा. मिस्त्रींनी या वेळी दगड उचलला नाही, हे सरांनी आरशात पाहिलं.

खट्.

इंजिन चालू होतं.

"परत."

खट्. चालू होतं.

साडेनऊ. अजून वेळ गाठता येत होती. बाई मागे बसल्या, पाय आत घेतले. सर खाली उतरले. त्यांना निघायचं होतं आणि निघवत नव्हतं.

"वर... त्या वळणावर खट् होईल?"

"होईल."

"आवाज आला की मला..."

"येऊ द्या आवाज."

सरांनी घाटाकडे पाहिलं. वरची वळणं धुक्यात होती. एकही दिसत नव्हतं.

"मिस्त्री, तुम्ही येता का बरोबर? मी तुम्हाला संध्याकाळी परत आणून सोडतो."

"मी?" मिस्त्री म्हणाले. चहा घेता का, असं कुणी विचारल्यावर नको म्हणावं तितक्या सहज म्हणाले, "नाही, सर. मला भीती वाटते."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. हेच वाक्य ऐकून चार महिने ते या दारावरून पुढे गेले होते.

"मलाही," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, गाडीत ऐकू जाईल असं, "मलाही वाटते."

 मागचं दार आतून उघडलं गेलं. बाई सावकाश उतरल्या, गाडीला वळसा घालून पुढच्या सीटवर, सरांच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या.

सरांनी वही उघडली. मधलं कोरं पान काढलं. तारीख घातली. पुढे एकच शब्द लिहिला, 'भीती', आणि शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. वही मिटून त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवली.

आता फणसाखाली ठेवलेली ती माळ तेवढी उरली होती. सुकलेल्या मिरच्या, फुटलेली दोन लिंबं, गेल्या शनिवारचं एक अजून पिवळंधमक. सरांनी ती उचलली आणि रस्त्याकडेच्या गटाराकडे वळून हात मागे नेला.

मिस्त्रींनी त्यांचं मनगट धरलं.

"टाकू नका, सर... पुढं बांधा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं."